रसद : हिशेब नगांचा की सज्जतेचा?

लष्कराच्या सुट्या भागांची, भांडारांची आणि दुरुस्तीची चर्चा मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. जावळी तालुक्यातून, किंबहुना साऱ्या सातारा जिल्ह्यातून, पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत जातात. पहिल्या महायुद्धात अपशिंगे या एकाच गावातले ४६ जवान कामी आले आणि त्या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आमच्या केडंब्याचे. पोलिसात येण्याआधी तेही लष्करात होते. त्या रात्री त्यांच्या हातात होती ती काठी.

माणूस आम्ही देतो. त्याच्या हातात काय पोचते, चालू स्थितीत पोचते का आणि बिघडले तर किती दिवसांत दुरुस्त होते, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. खरेदीच्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी येतात. घेतलेली वस्तू दहा वर्षांनी चालते का, याची बातमी क्वचितच येते. म्हणून हे मुद्दे. त्यांचे सार असे : लष्कराने सुट्या भागांचे आणि दुरुस्त्यांचे पैसे मोजण्यापेक्षा सज्जतेचे पैसे मोजावेत, आणि ती सज्जता मोजण्याचे काम पैसे घेणाऱ्याकडे कधीही सोपवू नये.

१. दुरुस्तीचे पैसे मोजले की दुरुस्त्याच वाढतात

वेण्णाकाठच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. मोटार जळली की वायंडिंगवाला येतो, पैसे घेतो आणि जातो. पुन्हा जळली की पुन्हा येतो. मोटार वर्षभर बिनतक्रार चालली तर त्याचा धंदा बसतो. त्यालाच म्हटले, की हंगामाचे ठरावीक पैसे घे, पण पाणी ज्या दिवशी बंद राहील त्या दिवसाचे कापून घेऊ, तर तोच माणूस चांगली तार वापरील, स्टार्टर तपासून जाईल आणि एक जादा मोटार दुकानात तयार ठेवील.

लष्करातली जुनी रीत पहिल्या प्रकारची आहे. ट्रक बिघडला की तो 'ऑफ रोड' होतो. युनिटकडून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, निघते, भांडारात जाते. भाग शिल्लक असला तर मिळतो, नसला तर खरेदीची फाइल सुरू होते. भाग परदेशी असेल तर महिनेच्या महिने जातात. या साखळीत कोणाचीच चूक सापडत नाही. भांडाराने नोंद केलेली असते, खरेदी विभागाने निविदा काढलेली असते, कंपनीने मागितलेले नग पाठवलेले असतात. प्रत्येकाचा कागद पूर्ण असतो आणि ट्रक जागेवर उभा असतो.

कामगिरीवर आधारलेल्या पाठबळाच्या करारात, ज्याला संरक्षण खात्याच्या बोलीत पीबीएल म्हणतात, विकत घ्यायची गोष्टच बदलते. इतके टक्के गाड्या, तोफा किंवा विमाने कोणत्याही दिवशी कामाला तयार असतील, अशी हमी कंपनी देते. तेवढी तयारी ठेवली तर ठरलेली रक्कम मिळते, कमी पडली तर कापली जाते, जास्त राखली तर थोडे बक्षीस मिळते. कोणता भाग किती साठवायचा, कुठे ठेवायचा, कोणता भाग वारंवार तुटतो म्हणून बदलून मजबूत करायचा, ही डोकेदुखी कंपनीची. बिघाड हे आजवर तिचे उत्पन्न होते. आता तो तिचा खर्च ठरतो. करार पाच-दहा वर्षांचा असावा लागतो, कारण वर्षभराच्या ठेक्यासाठी कोणी गोदाम बांधत नाही.

२. जुन्या रीतीची किंमत कॅगने मोजून ठेवली आहे

सुखोई-३० हे आपल्या हवाई दलाचे मुख्य लढाऊ विमान. ते बांधले जाते आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. या विमानांपैकी किमान ७५ टक्के कोणत्याही वेळी उड्डाणाला तयार असावीत असा दंडक होता. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, २०१५ च्या अहवालात प्रत्यक्ष आकडा ५५ ते ६० टक्के निघाला. सुट्या भागांची टंचाई आणि दुरुस्तीच्या सोयी उभारण्यात झालेला उशीर, ही कारणे पुढे आली. हिशेब करून पाहा. २०० विमाने धरली तर ७५ आणि ५५ टक्क्यांमधला फरक ४० विमानांचा होतो. पैसे मोजून घेतलेली, वैमानिक तयार असलेली ४० विमाने जमिनीवर. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी या प्रश्नात लक्ष घातले, तयारीचे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेल्याचे त्यांनी सांगितले, आणि मार्च २०१७ मध्ये सुट्या भागांसाठी रशियन कंपन्यांशी पाच वर्षांचे करार झाले. नवे विमान न घेता ताकद वाढवण्याचा हा मार्ग होता.

दारूगोळ्याचीही तीच गत. सप्टेंबर २०१६ मधली स्थिती पाहून कॅगने २०१७ साली सांगितले, की सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही. २०२० साली संसदेत मांडलेल्या अहवालात सियाचीनसारख्या उंचीवरच्या जवानांना बर्फातले चष्मे आणि बूट वेळेवर न मिळाल्याची नोंद आहे. नवे बूट नव्हते म्हणून जुने दुरुस्त करून वापरावे लागले. त्या बुटांत पाय घालणाऱ्यांत या जिल्ह्यातली पोरेही असणारच.

३. रसदीचे महत्त्व या मुलखाला नवे नाही

१६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पुढे प्रतापगड उभा राहिला. या डोंगरात फौज आणणे जितके अवघड, तितकेच तिला जगवणे अवघड. म्हणूनच १६७३ च्या मे महिन्यातले चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले महाराजांचे पत्र आजही रसदीचा धडा म्हणून वाचावे असे आहे. पावसाळ्यासाठी जमवलेले दाणे आणि वैरण बेहिशेबी उधळली तर पुढे घोडी मरतील, आणि मग लोक रयतेच्या घरात शिरतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा उघडा ठेवला तर उंदीर जळती वात घेऊन गंजीत शिरेल, एवढ्या बारकाव्यापर्यंत ती ताकीद जाते. पत्रात किती खंडी दाणा खरेदी केला याचे कौतुक नाही. पावसाळा संपेल तेव्हा घोडी उभी असली पाहिजेत, ही त्यातली अट.

ही अट विसरल्यावर काय होते तेही आपणच पाहिले. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, पानिपतावरच्या फौजेची रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी माणसे आणि खंगलेली जनावरे लढायला उभी राहिली. १९६२ साली चीनविरुद्धच्या लढाईत नामका चू नदीवर, उंच डोंगरात, आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत होते. विमानातून टाकलेल्या सामानातले बरेचसे दरीत गेले. त्या पराभवानंतर देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण सह्याद्रीने तिथे केले काय, हे कमी लोक सांगतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६५ साली संरक्षण पुरवठ्याचा. यशवंतरावांच्या कारकिर्दीतले हे काम भाषणांत येत नाही.

४. हा मार्ग प्रयोगशाळेतला नाही

इंग्लंडच्या ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२ साली व्हायपर नावाच्या विमान इंजिनासाठी उड्डाणाच्या तासांवर पैसे घ्यायला सुरुवात केली. इंजिन जेवढे तास चालेल तेवढेच पैसे. बंद पडले तर कंपनीचे नुकसान. पुढे रोल्स-रॉइसने हीच पद्धत जगभर नेली. अमेरिकी लष्कराने या शतकाच्या सुरुवातीपासून ती पसंतीची पद्धत मानली.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार झाला, तेव्हा पाच वर्षे किमान ७५ टक्के विमाने तयार ठेवण्याची हमी दासो कंपनीकडून घेतली गेली. सुखोईच्या बाबतीत जो आकडा नुसता दंडक होता, तो इथे विक्रेत्याच्या गळ्यातली अट झाला. २०२० साली नौदलाने दोन सी-गार्डियन ड्रोन भाडेपट्ट्याने घेतली. त्यांतले एक सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात कोसळले. ड्रोन विकत घेतले असते तर नुकसान सरकारचे. इथे करार उड्डाणाच्या तासांचा होता, म्हणून बदली ड्रोन देण्याची जबाबदारी कंपनीवर आली.

पुण्याचे निवृत्त लेफ्टनंट जनरल द. बा. शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये लष्कराची लढाऊ ताकद वाढवून बाकीचा पसारा आटोपशीर करण्याच्या शिफारशी केल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांतल्या ६५ स्वीकारल्या गेल्या. वर्कशॉप, भांडारे, वाहतूक यांची फेररचना हा त्यातला मोठा भाग होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. सांगाडा बदलला. पैसे कशाचे मोजायचे, हा हिशेब बहुतेक ठिकाणी तोच राहिला.

५. ज्याचे पैसे मोजाल तेच मिळेल, हे एसटीने शिकवले आहे

या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा आपल्या आगारात येऊन बसावे. एसटीने २०१७ साली शिवशाही बसगाड्या सुरू केल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ गाड्या खासगी ठेकेदारांच्या होत्या आणि त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळत. म्हणजे हीही कामगिरीवरची पद्धतच. पण किलोमीटर मोजले की किलोमीटर मिळतात. एसी चालतो का, गाडी वाटेत बंद पडते का, चालक थकलेला आहे का, हे किलोमीटरच्या आकड्यात बसत नाही. प्रवाशांच्या तक्रारी कशाच्या होत्या ते घाटातून प्रवास केलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

१०८ रुग्णवाहिकेचा अनुभवही उपयोगी आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात ९३७ गाड्यांनिशी ही सेवा ठेक्यावर सुरू झाली. रुग्णवाहिका किती आहेत हा प्रश्न दुय्यम. फोन लागल्यापासून किती मिनिटांत ती दारात येते हा खरा. पण सरासरी काढली तर सातारा शहरातल्या दहा मिनिटांत शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या वाड्यांचे तास बुडून जातात. बामणोलीच्या पलीकडे कितीतरी ठिकाणी लाँचने जावे लागते, हे सरासरीला माहीत नसते. लष्करातही असेच होईल. पुण्यातल्या छावणीतले शंभर ट्रक चालू आणि लडाखच्या चौकीवरचे दहा बंद, तरी अहवालात नव्वद टक्के सज्जता दिसेल. म्हणून हमी ठिकाणानुसार घेतली पाहिजे, आणि सर्वांत अवघड ठिकाणाला सर्वांत जास्त वजन दिले पाहिजे.

६. टक्केवारी फसवू शकते. म्हणून मोजमापे तीन-चार हवीत

एकाच आकड्यावर पैसे ठेवले की तो आकडा गाठण्याच्या वाटा निघतात. एका बंद विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे, म्हणजे दुसरे 'तयार' होते आणि पहिले कायमचे सांगाडा बनते. तपासणीच्या आठवड्यात सगळे उभे करायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा झोपवायचे. वाहन सुरू होते पण रेडिओ चालत नाही, तरी 'तयार' लिहायचे.

यावर उपाय म्हणजे एकत्र बघायची मोजमापे. वाहन किंवा विमान किती दिवस तयार होते. भाग मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती दिवस गेले. दोन बिघाडांमध्ये किती तास गेले. एका वाहनाचे भाग दुसऱ्याला किती वेळा लावले. आणि 'तयार' म्हणजे दिलेले पूर्ण काम करू शकणारे, ही व्याख्या करारातच. कपड्यांना आणि बुटांनाही हेच लावा. किती लाख जोड खरेदी झाले, हा आकडा कोणाच्या कामाचा? योग्य मापाचा बूट बर्फ पडण्याआधी त्या जवानाच्या पायात होता का, एवढेच मोजा.

७. मोजणारा आणि पुरवणारा एक नको

शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि दप्तर सबनिसाकडे, धान्य-दारूगोळ्याची कोठारे कारखानिसाकडे. एकाने दुसऱ्याचे काम आपल्या हाती घेऊ नये, यातच गडाची सुरक्षा होती. कोठार सांभाळणाराच आपण कोठार भरलेले असल्याचा दाखला देऊ लागला, तर गड हातचा गेलाच म्हणायचे.

आजच्या यंत्रांत हा धोका जास्त आहे. विमान, रडार, तोफ स्वतःच्या बिघाडाची माहिती संगणकात साठवते, आणि ती वाचण्याची चावी कंपनीकडे असेल तर कंपनी सांगेल तीच सज्जता. अमेरिकेचे एफ-३५ विमान हा इशारा आहे. सर्वांत महागड्या कार्यक्रमातली ही विमाने मार्च २०२३ मध्ये जेमतेम ५५ टक्के वेळ कामाला तयार होती, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी लिहिले. दुरुस्तीसाठी लागणारी तांत्रिक माहिती सरकारच्या हाती पुरेशी नाही आणि कंपन्यांवरचे अवलंबित्व फार, हेही त्यांनीच दाखवले. म्हणून आपल्या प्रत्येक करारात दोन कलमे न बदलणारी हवीत : बिघाडाची सगळी माहिती सरकारच्या मालकीची, आणि सज्जतेचा दाखला वापरणाऱ्या युनिटचा, कंपनीचा नाही.

मोजणीसाठी माणसे कुठून आणायची, असे विचारू नका. ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात वीस-वीस वर्षे गाड्या, तोफा आणि इंजिने हाताळून निवृत्त झालेले हवालदार-सुभेदार या जिल्ह्यात आहेत. त्यांतले कितीतरी आज बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभे असतात. त्यांना स्वतंत्र तपासनीस म्हणून नेमा. इंजिनाचा आवाज ऐकून खोटा अहवाल ओळखणारी ही माणसे आहेत.

८. युद्धात ठेकेदार नसेल असे धरून चला

करार कितीही पक्का असला तरी लढाई पेटल्यावर परदेशी कंपनीचे विमान सामान घेऊन येईलच असे नाही. युक्रेनच्या युद्धामुळे रशियाकडून ठरलेला मोठा पुरवठा होऊ शकत नाही, असे हवाई दलाने मार्च २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला सांगितले. दंडाचे कलम तिथे काय कामाचे? कापलेल्या पैशातून विमान उडत नाही.

म्हणून सीमारेषा आखली पाहिजे. आघाडीवरची आणि तिच्या लगतची दुरुस्ती गणवेशातल्या माणसांकडेच राहावी. जवानाचा हात यंत्रावर फिरत राहिला पाहिजे, नाहीतर दहा वर्षांत ती विद्याच फौजेतून जाईल. मोठी दुरुस्ती, सुट्या भागांचा साठा, वाहतूक, प्रशिक्षणाची यंत्रे, यांचे करार कंपन्यांशी करावेत. युद्धकाळासाठीचा राखीव साठा मात्र सरकारच्या मालकीचा, देशाच्या आत आणि कंपनीच्या ताळेबंदाच्या बाहेर हवा. नफा बघणारी कंपनी कमीत कमी साठा ठेवणार, हे तिच्या दृष्टीने बरोबर आहे. फौजेला नेमका जास्तीचा साठा लागतो.

सुरुवातही सोप्या जागेपासून करावी. ट्रक, जनरेटर, पाण्याचे टँकर, तंबू. लष्कराचा ट्रक बाजारातल्या ट्रकचाच भाऊ असतो. त्याचे भाग आणि मिस्त्री महामार्गावर जागोजागी मिळतात. पुण्याच्या परिसरात खडकीचे ५१२ बेस वर्कशॉप आणि देहूरोडचे भांडार आहे. एका ठिकाणी, एका प्रकारच्या वाहनावर, तीन वर्षे करून बघावे आणि जुन्या रीतीशी आकडे ताडून मगच पुढे जावे.

९. ठेक्याच्या तळाशी कोण मरतो, हेही करारात लिहा

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागली आणि १९ जणांचा जीव गेला. गळती लागलेल्या सदोष सुरुंगांमुळे ती लागल्याचे पुढे आले. सदोष माल वर्षानुवर्षे कोठारात पडून होता, आणि नुसते नग मोजले तर असा मालही 'साठा'च दिसतो. सज्जता मोजली असती तर तो माल कधीच बाद झाला असता. हा कामगिरीवरच्या हिशेबाच्या बाजूचा सर्वांत कडू पुरावा.

पण त्याच पुलगावात २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. मेलेल्यांत ठेकेदाराने आसपासच्या गावांतून आणलेले मजूर होते. खासगीकरणाच्या उत्साहात हे विसरले जाते. कंपनी पोटठेकेदार नेमते, पोटठेकेदार मुकादम नेमतो, आणि शेवटी पेटी उचलतो तो रोजंदारीवरचा, प्रशिक्षण नसलेला माणूस. दारूगोळ्याची हाताळणी अशा साखळीत जाता कामा नये. इतर कामांत प्रशिक्षण, विमा आणि अपघाताची जबाबदारी मूळ कंपनीवरच राहील, आणि कामगाराचा अपघात हा कामगिरीतला उणा गुण धरून पैसे कापले जातील, असे कलम हवे. भांडारांत आणि वर्कशॉपमध्ये आज काम करणाऱ्या नागरी कर्मचाऱ्यांनाही वाऱ्यावर सोडू नये. कोणता भाग कोणत्या कप्प्यात आणि कोणते इंजिन कशाने कुरकुरते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे.

१०. पैसा पलूस, कराड, साताऱ्यापर्यंत पोचला पाहिजे

१९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या भागाला ओतकाम आणि यंत्रकाम ठाऊक आहे. सातारा, कराड, पलूस, मिरज, कुपवाड इथल्या लहान कारखान्यांत व्हॉल्व्ह, गिअर, पंपाचे भाग, कास्टिंग तयार होतात. पाच-दहा वर्षांचे करार झाले तर मोठ्या कंपनीला भाग जवळून आणि पटकन मिळवावेच लागतील. परदेशातून चार महिन्यांनी येणारा वॉशर पलूसमधून चार दिवसांत मिळत असेल तर तो इथेच बनेल. दंडाची भीती स्वदेशीला भाषणापेक्षा जास्त मदत करते.

मात्र मोठ्या कंपनीचे पैसे कापले गेले की ती लहानाचे पैसे अडकवते. लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. संरक्षण खात्याने मोठ्या कंपनीला हप्ता देण्याआधी लहान पुरवठादारांचे देणे चुकते झाल्याचा दाखला मागावा.

आणखी एक गोष्ट. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारांतले तिघे परत येतील. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२७ च्या सुमारास भरते आहे. चार वर्षांत जवान अवघड यंत्र पुरते शिकत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा भार कंपन्यांकडे सरकणारच. तर मग या करारांतच अट घाला, की दुरुस्तीच्या कामात परतलेल्या अग्निवीरांना प्रशिक्षण आणि प्राधान्य मिळेल, आणि त्यासाठी तालुक्याच्या आयटीआयला जोडून घेतले जाईल.

११. आम्ही काय मागायचे

सुटे भाग आणि दुरुस्ती यांची खरेदी संरक्षण खात्याच्या ज्या नियमावलीने होते, ती नव्याने १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणजे नियम ताजे आहेत आणि त्यांचा वापर कसा होतो हे विचारण्याची वेळ हीच. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, ग्रामसभांत आणि खासदारांच्या दौऱ्यांत आम्ही चार मागण्या ठेवाव्यात. मोठी खरेदी मंजूर करताना पुढच्या वीस-तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि सज्जतेची हमी त्याच कागदावर असावी. सज्जतेचे आकडे दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जावेत. गुप्ततेचे कारण असेल तर बंद दाराआड जावेत, पण जावेत. दाखला देणारे स्वतंत्र असावेत आणि त्यात निवृत्त तंत्रज्ञ जवानांना जागा असावी. कामगारांची सुरक्षा आणि लहान पुरवठादारांचे ४५ दिवस हे करारातले कलम असावे.

मार्च २०२५ मध्ये ३०७ स्वदेशी तोफांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार झाला आणि त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जला मिळाला. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला, आणि तो योग्यच आहे. आता पुढचा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायचा आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारायचा आहे : दहाव्या वर्षी या ३०७ पैकी किती तोफा गोळा फेकायला तयार असतील, ते मोजणार कोण, आणि कमी भरल्या तर पैसे कोणाचे कापले जातील?